मिक्सर : शेतकरी घरातील दुर्लक्षित यंत्र

विजेच्या यंत्रांशी शेतकऱ्याचा संबंध प्रथम विहिरीवर जडला. पाण्याचा पंप आला, त्यामागून कडबाकुट्टी आली, मळणीयंत्र आले. आणि प्रत्येक यंत्राबरोबर ते कसे चालवावे व कसे जपावे, याचे शिक्षणही गावोगाव पोहोचले. पंपाच्या मोटारीला अर्थिंग पाहिजे, कडबाकुट्टीत वैरण सारताना हात पुढे नेऊ नये, मळणीयंत्रापाशी सैल वस्त्रे घालून उभे राहू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र याच शेतकऱ्याच्या घरात आणखी एक यंत्र येऊन बसले आहे, आणि त्याविषयी त्याला कोणीच काही सांगितलेले नाही. त्याला मोटार आहे, धारदार पाती आहेत, आणि पाण्याशी त्याचा दररोज संबंध येतो. हे यंत्र म्हणजे स्वयंपाकघरातील मिक्सर होय.

मिक्सरला लोक भांड्यांत जमा करतात, यंत्रांत नव्हे. आणि बहुतेक अपघातांचे मूळ या समजुतीत आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. बाजारात सर्रास मिळणारा ७५० वॅटचा मिक्सर जवळजवळ एक अश्वशक्तीइतकी वीज घेतो. विहिरीवरील लहान पंपाच्या बरोबरीची वीज खाणारे यंत्र ओल्या हाताने, अनवाणी पायांनी, मोरीच्या शेजारी बसून चालविले जाते, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मिक्सरचा सुरक्षित वापर व साठवण हा विषय पंपाच्या निगेइतकाच विस्तारकार्याचा भाग मानला गेला पाहिजे, असे म्हणण्यास हे एवढे कारण पुरेसे आहे.

यंत्र गावी येते, माहिती मागे राहते

कोकणातील व साताऱ्याकडील पुष्कळ घरांत हे यंत्र मुंबईहून येते. कापड गिरण्यांच्या काळात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या भागांतून गेलेली कुटुंबे वरळी, परळ, लालबाग येथे स्थिरावली. परंतु त्यांचे गावाशी असलेले नाते तुटले नाही. शहरात नवा मिक्सर घेतला म्हणजे जुना गणपतीला किंवा शिमग्याला गावच्या घरी पोहोचतो. यंत्र येते, त्याबरोबरची माहितीपुस्तिका मात्र केव्हाच हरवलेली असते. भांड्याचा रबरी वायसर झिजलेला असतो, वायर एखाद्या ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेली असते, आणि अशा अवस्थेत ते यंत्र नव्या घरी कामाला लागते.

शहरात ज्या उणिवा खपून गेल्या त्या खेड्यात खपत नाहीत. लांब तारांवरून आलेल्या विजेचा दाब, ज्याला सर्वत्र व्होल्टेज म्हणतात तो, पंप सुरू असण्याच्या वेळी खाली येतो. अनेक जुन्या घरांत अर्थिंग नसते. असले तरी वर्षानुवर्षे कोणी तपासलेले नसते. जमीन सारवलेली किंवा ओलसर असते, आणि पुष्कळ घरांत वाटणघाटण जमिनीवर बसूनच होते. म्हणून शहरातून येणाऱ्या मिक्सरबरोबर त्याची रीतही गावात आली पाहिजे. ती आणण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यावाचून दुसरे कोणी करील, असे दिसत नाही.

भारतीय वाटणाने घडविलेले यंत्र

मिक्सरचा आपल्याकडील इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. वरळीशी जिचे नाव दीर्घकाळ निगडित आहे त्या सीमेन्स कंपनीत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंता नोकरीस होते. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्याकडील जर्मन बनावटीचा मिक्सर स्वयंपाकघरातील दळण-वाटणाने निकामी झाला. युरोपातील स्वयंपाकघराला अनुरूप असे ते यंत्र होते. भिजविलेली डाळ, सुके खोबरे, खडा मसाला यांचा भार त्याला पेलण्यासारखा नव्हता. माथुर दांपत्याने हा प्रश्न तेथेच सोडला नाही. १९६३ च्या सुमारास माथुर यांनी स्वतःचा उद्योग उभारला, आणि त्यातून भारतीय वाटणाला पुरा पडेल असा, अधिक दमदार मोटारीचा ‘सुमीत’ मिक्सर पुढे आला. पुढील दोन दशकांत तो देशभर घरोघर गेला.

या हकिकतीतून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, भारतीय स्वयंपाकातील वाटण हे यंत्राच्या दृष्टीने जड काम आहे. ते गृहिणीचे किरकोळ काम म्हणून बाजूस सारण्याजोगे नाही. दुसरी अशी की, यंत्र कितीही दमदार केले तरी त्याच्या शक्तीला मर्यादा राहतेच. मर्यादा ओळखणारा हात नसेल, तर चांगले यंत्रही जळते. आणि कधी कधी यंत्राबरोबर माणसालाही इजा होते.

मोटार का जळते

पंपाची मोटार तासन् तास चालते, मग मिक्सरची पाच-सात मिनिटांत का तापते, असा प्रश्न शेतकरी विचारतात. दोन्ही मोटारींची जात वेगळी आहे. विहिरीवरील पंपाची मोटार मिनिटाला तीन हजारांच्या आत फेरे घेते; मिक्सरची मोटार भार नसताना अठरा ते वीस हजार फेरे घेऊ शकते. आकाराने लहान मोटारीकडून थोड्या वेळात मोठे काम करून घ्यावे आणि मग तिला विसावा द्यावा, या हिशेबाने ती बांधलेली असते. बहुतेक पुस्तिकांतून सलग चालविण्याचा व थांबविण्याचा काळ दिलेला असतो. तो हाताशी नसेल, तर एका वेळी दोन-तीन मिनिटांहून अधिक चालवू नये आणि तितकाच वेळ थांबावे, हा नियम कोणत्याही घराला सोईचा आहे.

भांडे गच्च भरले किंवा वाटण फार घट्ट झाले म्हणजे पाती अडखळतात. फेरे कमी झाले की मोटार अधिक वीज ओढते, आणि त्याच वेळी तिला वारा घालणारा आतील पंखाही मंदावतो. उष्णता वाढते आणि ती बाहेर टाकण्याची सोय कमी होते. अशा दुहेरी माराने वेटोळ्यावरील आवरण जळते. विजेचा दाब कमी असतानाही पंखा असाच मंदावतो. म्हणून दिवे मंद झाले असतील त्या वेळी जड वाटण करू नये. करावेच लागले तर भांड्यात निम्मेच घालावे. ओले वाटण भांड्याच्या दोनतृतीयांशापेक्षा अधिक नसावे, कोरडे निम्म्याच्या आत असावे. सुकी हळकुंडे मिक्सरमध्ये घालूच नयेत. ती गिरणीत किंवा मसाला कांडपावर न्यावीत. लालबागेत आजही वर्षाचा मसाला डंकावर कुटून घेण्याची प्रथा आहे. वर्षाचे काम डंकाचे व दिवसाचे काम मिक्सरचे, ही विभागणी शहाणपणाची आहे.

मिक्सर चालता चालता आपोआप बंद पडला, तर त्यावर चापट मारू नये व पुन्हा पुन्हा बटण फिरवू नये. बहुतेक मिक्सरच्या तळाशी किंवा मागे एक लहान बटण असते. भार अधिक झाला की ते यंत्राची वीज तोडते. अशा वेळी प्लग काढावा, भांड्यातील वाटण कमी करावे, मोटार थंड होऊ द्यावी आणि मगच ते बटण दाबावे. जळका वास आला किंवा तळाशी मोठ्या ठिणग्या दिसल्या, तर यंत्र दुरुस्तीस द्यावे. आतील कार्बन झिजले असण्याचा संभव असतो.

वीज, पाणी आणि तिसरी पिन

मिक्सरचे बाह्य आवरण प्लास्टिकचे असले, तरी आतील मोटार लोखंडाची व भांडे पोलादाचे असते. वायसर गळू लागला म्हणजे वाटणातील पाणी झिरपून मोटारीत उतरते. अशा वेळी माणसाचे रक्षण करते ती प्लगची तिसरी, जाड पिन. ती बोर्डात बसत नाही म्हणून मोडून टाकणे, प्लगशिवाय उघड्या तारा काडीने बोर्डात खोचणे, किंवा अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून देणे, या तीनही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. न्यूट्रलची तार कोठे तुटली, तर यंत्राचा सांगाडाच विजेने भरून जातो.

पंपाच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नये, हे शेतकरी जाणतो. घराच्या अर्थिंगलाही तोच न्याय लागू आहे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, परवानाधारक तारतंत्र्याकडून ते तपासून घ्यावे. त्याच वेळी ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे रक्षक उपकरण मुख्य बोर्डात बसवून घ्यावे. त्याचा खर्च जळालेल्या एका मोटारीच्या खर्चाहून फारसा अधिक नसतो. मात्र ते बसविले म्हणून अर्थिंग नको, असे कोणी मानू नये.

जमिनीवर बसून मिक्सर चालवावयाचा असेल, तर यंत्र कोरड्या लाकडी पाटावर ठेवावे, बसणाऱ्यानेही पाट घ्यावा व पायांत चप्पल असावी. गोणपाट किंवा घडी केलेले फडके यंत्राखाली घालू नये. त्याने तळाची वाऱ्याची भोके बुजतात. हात कोरडे करूनच बटणास स्पर्श करावा. भांडे चढविताना व उतरविताना बोर्डाचे बटण बंद असावे; आणि भांड्यात बोटे किंवा चमचा घालावयाचा असेल तर प्लगच काढावा. कोणास विजेचा धक्का लागून तो चिकटला, तर त्यास हात लावू नये. प्रथम मुख्य बटण बंद करावे, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्यास दूर सारावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाती, वाफ आणि तिखट

पात्यांची इजा बहुधा यंत्र चालू असताना होत नाही. ती धुताना होते. साबणाच्या पाण्यात भांडी बुडवून ठेवली आणि त्यांत पात्यांसह मिक्सरचे भांडे असले, की न दिसणारी धार बोटे कापते. म्हणून हे भांडे इतरांबरोबर बुडवू नये. वाटण झाल्याबरोबर त्यात थोडे पाणी घालून, झाकण लावून काही क्षण फिरवावे. मग लांब दांड्याच्या घासणीने धुवावे. जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. हळद-चुना भरू नये, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी आरोग्य केंद्रात जावे.

गरम आमटी किंवा उकडलेले टोमॅटो तसेच भांड्यात घालून फिरविल्यास वाफ कोंडून झाकण उडते व तोंड भाजते. पदार्थ कोमट झाल्यावरच वाटावा. सुक्या मिरचीची पूड केल्यावर लगेच झाकण काढू नये. पूड खाली बसण्यास दोन मिनिटे द्यावीत आणि भांडे तोंडापासून दूर धरून उघडावे. डोळ्यांत तिखट गेलेच तर चोळू नये, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. यंत्र चालू असताना झाकणावर हात असावा. पदर, मोकळे केस व बांगड्या यंत्रापासून दूर असाव्यात. आणि जवळ लहान मूल नसावे.

अन्नाच्या भांड्यात औषध नको

शेतकरी घरातील मिक्सरला असलेला एक धोका शहरात जवळजवळ नाही. निंबोळी अर्क, लसूण-मिरचीचा अर्क, दशपर्णी अर्क यांचा प्रसार झाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु निंबोळ्या किंवा पाला वाटण्यासाठी स्वयंपाकाचाच मिक्सर वापरण्याचा मोह काही ठिकाणी होतो. दशपर्णीत कण्हेर व धोतरा यांसारख्या विषारी वनस्पती असतात. वायसरच्या खाचेत व पात्यांच्या बुडाशी अडकलेला चोथा साध्या धुण्याने निघेलच, असे नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात मुलांची चटणी वाटली जाते. रासायनिक कीटकनाशक किंवा बीजप्रक्रियेचे बुरशीनाशक मोजण्यासाठी मिक्सरचे झाकण वा लहान भांडे घेणे हे तर त्याहूनही घातक आहे.

अन्न व विष एकत्र आले म्हणजे काय होते, हे देशाने पूर्वीच अनुभवले आहे. १९५८ साली केरळात, वाहतुकीत पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेले अन्नपदार्थ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर या विषयावर चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा अस्तित्वात आला. कायदा दुकानापर्यंत व गोदामापर्यंत पोहोचतो. घराच्या ओट्यावर मात्र कुटुंबानेच नियम केला पाहिजे. अर्कासाठी वेगळा खलबत्ता किंवा उखळ ठेवावे, त्यावर रंगाने ठळक खूण करावी, आणि ते गोठ्यात किंवा अवजारांच्या खोलीत असावे. जुना मिक्सर या कामासाठी वेगळा काढावयाचा असेल, तर तो पुन्हा कधीही स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

ठेवण्याची रीत

घर लहान आहे, मिक्सर कोठे ठेवावा, अशी अडचण सांगितली जाते. वरळीच्या बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील १२१ इमारतींत एकेका कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची खोली असे. त्यांपैकी पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परंतु शंभर वर्षे त्या एका खोलीत पिढ्यांनी संसार केले, ते प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा देऊनच. मिक्सरला मोठी जागा लागत नाही. ठरलेली व कोरडी जागा लागते.

ती जागा मोरीपासून व शेगडीपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही इतकी उंच, पण यंत्र उतरविताना हातातून निसटणार नाही इतकी बेताची असावी. भिंतीतील पक्की फळी उत्तम. प्लग काढलेला असावा. वायर गरम मोटारीभोवती आवळून गुंडाळू नये. सैल वेटोळे करून वर ठेवावी. भांडे धुतल्यावर पालथे घालून पुरते वाळवावे आणि झाकण वेगळे ठेवावे, म्हणजे बुरशी धरत नाही. मोटार पाण्याने कधीही धुऊ नये. प्लग काढून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. साखरेचा किंवा पिठाचा अंश राहिला की मुंग्या व झुरळे तळाच्या भोकांतून आत शिरतात. कोठाराशेजारच्या खोलीत उंदीर वायर कुरतडतात, म्हणून महिन्यातून एकदा वायर पूर्ण उलगडून पाहावी.

कोकणातील बंद घरांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. पावसाळाभर बंद राहिलेल्या घरातील मिक्सरच्या वेटोळ्यात ओल शिरलेली असते. गणपतीला घर उघडल्याबरोबर तो सुरू करू नये. एक-दोन दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा, जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि मग प्रथम रिकाम्या भांड्याने काही क्षणच चालवून पाहावा.

कार्यकर्त्याने काय करावे

हे काम शेतीखात्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेत ग्रामसेवकाबरोबर पुढे ग्रामसेविकेचीही योजना करण्यात आली. शेत व घर ही एकाच प्रपंचाची दोन अंगे होत, हाच त्यामागील विचार होता. माहितीपुस्तिका असताना शिकविण्याची गरज काय, असेही विचारले जाते. पुस्तिका बारीक अक्षरांत असते, पुष्कळदा परभाषेत असते, आणि दुसऱ्या हाताने आलेल्या यंत्राबरोबर नसतेच. तिसरा आक्षेप पाटा-वरवंट्याच्या कैवाऱ्यांचा. पाट्यावरील वाटणाची चव कोणी नाकारीत नाही. पण शेतातून थकून आलेल्या बाईने रोज गुडघे व पाठ मोडून वाटण करावे, हा त्या चवीचा मोबदला न्याय्य नाही. धोक्याची भीती घालून मिक्सर बंद करणे हा हेतू नाही. तो निर्भयपणे वापरता यावा, हा आहे.

बचत गटाच्या एका बैठकीत अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक पुरे आहे. एक जुना मिक्सर उघडून मोटार, पंखा व कार्बन दाखवावेत. झिजलेला व नवा वायसर शेजारी ठेवावा. प्लगची तिसरी पिन कशासाठी असते ते समजावून द्यावे. नवे यंत्र घेताना आय. एस. आय. चिन्ह पाहावे, हेही सांगावे. मिक्सरसाठी भारतीय मानक ४२५० हे स्वतंत्र मानक आहे. या बैठकीस पुरुषांनाही अगत्याने बोलवावे. मिक्सर बाई चालविते. परंतु बोर्ड कोठे बसवावयाचा, तारतंत्री केव्हा बोलवावयाचा, अर्थिंगवर खर्च करावयाचा की नाही, हे बहुतेक घरांत पुरुष ठरवितात. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला धोका समजला नाही, तर जिच्या हाती यंत्र आहे तिचे शिक्षण अर्धेच राहते.

विहिरीवरील मोटारीसाठी शेतकरी छप्पर घालतो, पेटी बसवितो, वेळेवर तेलपाणी पाहतो. कारण ती बंद पडली तर पीक वाळेल, हे तो जाणतो. स्वयंपाकघरातील मोटारीपाशी त्याच्या घरची माणसे रोज बसतात. तिला एक कोरडी फळी, एक धड वायर व एक खरे अर्थिंग देणे, हे पंपाच्या छपराहून कमी निकडीचे काम नाही.